थांबणं हीसुद्धा प्रक्रियाच: गर्भाशयाच्या पिळाचं एक प्रशिक्षण-प्रकरण

मोठ्या जनावरांच्या इंटर्नशिपमध्ये नवा डॉक्टर पहिल्यांदा एकटा पडतो तो बहुधा अडलेल्या गाईमागे. हे प्रकरण अशाच एका रात्रीचं आहे. इंटर्न आणि तिच्या वरिष्ठ, दोघींचं म्हणणं मी वेगवेगळं ऐकून घेतलं, केसपेपर आणि फोनच्या वेळा पडताळल्या, आणि मग हे लिहिलं. नावं, गाव आणि मालकाची ओळख मुद्दाम गाळली आहे. शेवट बरा झालेलं प्रकरण आहे, पण मी ते वारंवार शिकवायला घेतो ते त्यासाठी नाही. त्या रात्री इंटर्ननं 'थांबू या' असं दोनदा ठरवलं. पहिल्यांदा ते धोक्याचं होतं, दुसऱ्यांदा अगदी बरोबर. कृती तीच होती, फरक होता तो तिच्यामागच्या तपासणीत.

रात्रीची परिस्थिती

इंटर्न फिरत्या पथकात रुळलेली होती. गाभण तपासणीसाठी तिचा हात रोज गुदमार्गात जात होता, वार अडकलेल्या गाई, कासदाह, दुग्धज्वर हे तिनं पाहिलेलं होतं. अडलेल्या प्रसूती तिनं वरिष्ठांच्या देखरेखीखाली सोडवल्या होत्या: एकदा मागे वळलेलं डोकं, एकदा गुडघ्यात मुडपलेला पाय. गर्भाशयाचा पीळ, म्हणजे गाभण गर्भाशय स्वतःभोवती फिरून वासराची वाट आवळली जाणं, मात्र तिला फक्त पुस्तकातून ठाऊक होतं. आकृती तिला पाठ होती.

रात्री साडेनऊला फोन आला तेव्हा वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या बाजूला, पोटदुखीच्या एका घोड्याजवळ होत्या. घोड्याला उलटी होत नाही. पोट फुगत गेलं तर जठर फुटण्याचा धोका असतो, म्हणून नाकातून नळी घालून आतला दाब कमी करण्याचं काम चाललं होतं. ते अर्धवट टाकून निघणं शक्य नव्हतं. त्यांनी इंटर्नला पुढे पाठवलं, "बघ, आणि काहीही करण्याआधी फोन कर," एवढं सांगून. हे 'काहीही करण्याआधी' नीट लक्षात ठेवा. सगळं प्रकरण याच दोन शब्दांवर फिरतं.

गाय तिसऱ्या विताची, दिवस पूर्ण भरलेली. दुपारपासून अस्वस्थ होती: उठबस, शेपूट वर, मध्येच पोटाकडे बघणं. चारा सोडलेला. पाण्याची पिशवी दिसली नव्हती, आणि कळाही जोराच्या नव्हत्या. मालकाला याचीच काळजी होती. "कळा येतात अन् जातात. जोर धरतच नाही ताई," असं तो म्हणाला, आणि लगेच, "कळांचं इंजेक्शन देऊन टाका ना."

इंटर्ननं ते दिलं नाही. पुढे जे काही झालं त्याआधी हे नोंदवायला हवं, कारण आढाव्यांमध्ये चुकलेलं तेवढं उगाळलं जातं. वाट कुठे अडली आहे हे कळण्याआधी ऑक्सिटोसिन देणं म्हणजे बंद दारावर आतून धक्के मारायला लावणं. पिळाच्या गाईत त्यानं गर्भाशय फाटूही शकतं. मालक दोनदा म्हणाला, तिनं दोनदा नाही म्हटलं, आणि का नाही तेही त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलं.

तिनं आधी गाय पूर्ण तपासली, हेही बरोबर. तापमान ३८.७ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला ८८, डोळ्यांची आतली कातडी गुलाबी, पोटाची हालचाल मंद, कास मऊ, कान कोमट. गाय उभी होती आणि सावध होती. मग शेपूट बांधली, मागचा भाग धुतला, लांब हातमोजा, भरपूर वंगण, आणि योनीमार्गातून तपासणी.

हात मनगटाच्या थोडा पुढे गेला आणि वाट अरुंद झाली. दोन बोटं पुढे सरकत होती. पलीकडे काहीतरी कडक लागत होतं, बहुतेक खूर. तिनं हात काढला, फोन लावला आणि सांगितलं:

"मॅडम, गर्भाशयमुख दोन बोटं उघडलंय. पिशवी फुटलेली नाही. गाय ठीक आहे. कॅल्शियम लावते आणि दोन तास थांबून परत बघते."

एक प्रश्न

केसपेपरवर हे वाक्य अगदी समंजस दिसतं. तिसऱ्या विताची गाय, कळा मंद, मुख अर्धवट उघडलेलं. अशा वेळी रक्तातलं कॅल्शियम कमी पडलेलं असू शकतं, ते दिलं की गर्भाशयाच्या आकुंचनाला जोर येतो आणि मुख उघडतं. वयस्कर गाईत हे नेहमी घडतं. शिवाय ती काहीही आक्रमक करत नव्हती. ओढत नव्हती, कापत नव्हती, मुख ताणत नव्हती. फक्त थांबत होती.

वरिष्ठांच्या एका हातात घोड्याची नळी होती, फोन मदतनिसानं कानाशी धरला होता. नंतर त्यांनी मला सांगितलं, "माझ्या तोंडावर 'बरं' आलं होतं." पण त्यांनी 'बरं' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "मुखाची कड पूर्ण गोल फिरून लागली का?"

इंटर्न गप्प झाली. कड तिनं शोधलीच नव्हती. वाट अरुंद लागली, दोन बोटं गेली, आणि मेंदूनं त्यावर लगेच नाव लिहिलं: अर्धवट उघडलेलं मुख.

"परत हात घाल. काय आहे ते सांगू नकोस, हाताला काय लागतं ते सांग. मी दहा मिनिटांनी फोन करते."

अर्धवट उघडलेलं गर्भाशयमुख ही हाताला स्वतंत्र कळणारी वस्तू आहे. तिच्या अलीकडे योनीमार्गाच्या भिंती सैल असतात, हाताला ऐसपैस जागा मिळते, आणि मग पुढे एक कडा लागते: घट्ट किंवा मऊ, जाड किंवा पातळ, पण कडा. तिच्याभोवती बोट फिरवता येतं. गर्भाशयमुखाच्या मागे पीळ पडला असेल तर असं काही लागत नाही. तिथे योनीमार्गाची भिंतच आवळत जाते, तिला तिरक्या घड्या पडतात, आणि त्या घड्यांच्या मागोमाग गेलं की हात आपोआप वळतो. बाहेरूनही कधी खूण दिसते. योनीचा एक ओठ आत ओढल्यासारखा वाटतो. पीळ मुखाच्या पुढे असेल तर योनीमार्गातून यातलं काहीच धड कळत नाही, आणि म्हणून गुदमार्गे तपासणी सोडायची नसते.

दुसऱ्या खेपेला इंटर्ननं डोळे मिटून तपासलं. हे तिनं स्वतःहून सांगितलं. दहा मिनिटांनी फोन आला तेव्हा तिचं वाक्य पूर्ण बदललेलं होतं: "कड लागत नाही. भिंतीला घड्या आहेत. उजवा हात तळवा खाली ठेवून घातला, आत जाताना तळवा वर होत जातो."

एवढ्यावर वरिष्ठांना पीळ कळला. गाय त्यांच्यापासून किती तरी लांब होती, त्यांना काही दिसत नव्हतं. तरी कळला, कारण इंटर्ननं निदान सांगितलं नाही, स्पर्श सांगितला.

'डावा' म्हणजे काय

यानंतर जे झालं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, आणि आढाव्यात ते जवळजवळ सुटलंच होतं.

वरिष्ठांनी गुदमार्गे तपासून दिशा पक्की करायला सांगितली. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी टांगून धरणारे रुंद बंध असतात. पीळ पडला की ते आपली जागा सोडतात. मागून पाहता गर्भाशय घड्याळाच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडे फिरलं असेल तर डावा बंध ताणला जाऊन वरून उजवीकडे आडवा जातो, आणि उजवा बंध खाली ओढला जातो. डाव्या पिळात हे उलट.

इंटर्ननं हात घातला, वर आडवा ताणलेला पट्टा तिला स्पष्ट लागला, आणि ती म्हणाली, "डावा आहे मॅडम."

तिचं खोटं नव्हतं. ताणलेला बंध डावाच होता. पीळ मात्र उजवा होता.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. गाईंच्या अनेक नोंदींमध्ये डावीकडचा पीळ जास्त आढळतो, म्हशीत उजवीकडचा, असं तिनं वाचलं होतं. गाय समोर होती, 'डावा' हा शब्द तोंडात होता, आणि दोन्ही जुळून आलं. तळवा वर होत जातो हे तिनंच काही मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. उजवा हात स्क्रू आत पिळताना फिरतो तसाच तो फिरत होता, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं. तिचीच दोन निरीक्षणं एकमेकांच्या विरोधात उभी होती, आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

वरिष्ठांच्या आलं. "डावा म्हणजे पट्टा डावा की पीळ डावा? पट्टा सुरू कुठून होतो, जातो कुठे?"

"डावीकडून सुरू होतो. वरून उजवीकडे जातो."

"मग पीळ कुठला?"

थोडा वेळ गेला. "उजवा."

दिशा इतकी महत्त्वाची का? कारण गाय पिळाच्याच दिशेनं फिरवायची असते. गर्भाशय वासराच्या वजनानं जागेवर राहतं आणि गाईचं शरीर फिरून त्याला गाठतं, तेव्हा पीळ सुटतो. उजव्या पिळाची गाय उजव्या कुशीवर पाडतात आणि पाय वरून नेत डाव्या कुशीवर आणतात. हीच गाय उलट फिरवली असती तर पीळ आणखी आवळला असता, गर्भाशयाचा रक्तपुरवठा अधिक तुटला असता, आणि वासराचा उरलासुरला वेळ संपला असता. फोनवरचं एक 'बरं' किंवा एक 'डावा' यांचं वजन एवढं असतं.

आमच्याकडे आता दिशा सांगताना 'डावा पीळ, उजवा पीळ' एवढ्यावर कोणी थांबत नाही. गाईच्या मागे उभं राहून, घड्याळाच्या दिशेनं की विरुद्ध, आणि वरचा पट्टा कुठून कुठे, हे तिन्ही बोलावं लागतं. तिन्ही जुळले नाहीत तर गाय पाडायची नाही.

फिरवणं

या भागाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तंत्र पुस्तकात नीट सापडतं. वरिष्ठ निघाल्या होत्या. पोचेपर्यंत तयारी करायची, पहिली फेरी त्या फोनवर असतानाच घ्यायची, असं ठरलं. तासभर वाया घालवण्यात अर्थ नव्हता. इंटर्ननं मऊ, सपाट जागा निवडली, माणसं गोळा केली, प्रत्येकाला त्याचं काम आधी सांगितलं: डोकं कोण, पुढचे पाय कोण, मागचे कोण. रूफच्या पद्धतीनं दोर आवळून गाय उजव्या कुशीवर घेतली. पुढचे पाय एकत्र बांधले, मागचे एकत्र.

पहिली फेरी नुसतीच, फळीशिवाय झाली. गाय झटकन फिरवली, इंटर्ननं हात घातला, घड्या तशाच. याने ती खचली नाही, कारण फेरीनंतर दर वेळी तपासायचं आणि पहिल्याच फेरीत सुटेल असं धरायचं नाही, हे वरिष्ठांनी आधीच बजावलं होतं.

दुसऱ्या फेरीपर्यंत वरिष्ठ पोचल्या. गाय उठवून छातीवर बसवली, पुन्हा उजव्या कुशीवर घेतली, आणि या वेळी शाफरच्या पद्धतीनं लांब फळी वर आलेल्या डाव्या कुशीवर तिरकी ठेवली, खालचं टोक जमिनीवर. एक माणूस फळीवर उभा राहिला आणि बाकीच्यांनी गाय सावकाश फिरवली. फळीच्या दाबानं गर्भाशय जागेवर धरलं जातं, म्हणून इथे झटका नको, संथ गती हवी. गाय वळत असतानाच योनीतून पाणी भसकन बाहेर आलं.

मालकानं घाईघाईनं पाण्याची बादली आणि साबण मोठ्या मॅडमपुढे ठेवला. हे साहजिक आहे. गाय त्याची, रात्र मोठी, आणि अनुभवी हात आता हजर होते. वरिष्ठांनी बादली इंटर्नकडे सरकवली आणि मालकाला म्हणाल्या, "दादा, पहिल्यापासून तिचाच हात आत आहे. काय बदललं ते तिलाच कळेल. तिच्यानंतर मी बघते."

याच्याइतकं नेमकं वाक्य मी क्वचित ऐकलं आहे. त्यात मालकाला दिलेलं खरं कारण आहे, इंटर्नच्या नावाला दिलेला आधार आहे, आणि 'तिच्यानंतर मी बघते' यात गाईची सुरक्षितताही आहे. आमच्यातल्या काहींचं मत असं की वरिष्ठांनी हात घालायलाच नको होता, त्यानं इंटर्नवरचा विश्वास कमी दिसतो. मला ते पटत नाही. आतलं दिसत नाही अशा ठिकाणी दुसरा हात लागलाच पाहिजे, अविश्वास म्हणून नव्हे. दोघींना एकाच गोष्टीचा स्पर्श झाला तरच त्याविषयी पुढे बोलता येतं.

दुसरं थांबणं

इंटर्ननं हात घातला आणि न विचारता बोलायला लागली. घड्या गेल्या. भिंती सैल. पुढे कड लागते. "पूर्ण गोल आहे. मऊ आहे. चार बोटं जातात, पंजा जात नाही. पलीकडे दोन खुरं आणि नाक." तिनं खुराच्या बेचक्यात चिमटा काढला, पाय मागे ओढला गेला. तोंडात बोट घातलं, वासरानं हलकं चोखलं. जिवंत होतं.

वरिष्ठांनी नंतर हात घालून तेच लागल्याचं सांगितलं.

आता प्रश्न पुन्हा तोच: ओढायचं की थांबायचं? पीळ सुटल्यावर मुख पूर्ण उघडं मिळेलच असं नसतं. घाईनं ओढलं तर मुख फाटतं, रक्तस्राव होतो. जास्त थांबलं तर वासरू दमतं, कधी मुख पुन्हा आखडतं, आणि मग शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरत नाही. इंटर्न म्हणाली, "कड मऊ आहे, वासरू प्रतिसाद देतंय, गाईची नाडी ठीक आहे. कॅल्शियम सावकाश देऊ, वीस मिनिटांनी कड परत बघू. तोवर फरक नसेल तर सिझेरियनचं ठरवू."

वरिष्ठांनी 'बरं' म्हटलं. या वेळी त्या 'बरं'ला पाया होता.

वीस मिनिटांनी पंजा जात होता, आणखी वीस मिनिटांनी कड जवळजवळ भिंतीला मिळाली होती. दोर घोट्याच्या वर आणि खाली दुसरा वेढा असे बांधले, एक पाय थोडा पुढे, मग दुसरा, कळेबरोबर ओढणं आणि कळ ओसरली की थांबणं. वासरू बाहेर आलं तेव्हा सुस्त होतं. नाकातोंडातला चिकटा काढला, छातीवर बसवलं, नाकपुडीत काडी फिरवली, अंग खसाखसा पुसलं, आणि श्वास लागला. नाळेला आयोडीन. इंटर्ननं गर्भाशयात पुन्हा हात घालून दुसरं वासरू नाही ना आणि कुठे फाटलं नाही ना, हे पाहिलं. दाहशामक औषध दिलं. चीक पहिल्या काही तासांतच पोटात गेला पाहिजे, आणि वासरू स्वतः उठून पीत नसेल तर काढून पाजायचा, हे मालकाला दोनदा सांगितलं. वार दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पडली.

नोंदवहीत काय उरलं

इंटर्नच्या नोंदवहीत या रात्रीची नोंद एका ओळीची आहे: गर्भाशयाचा पीळ, उजवा, फिरवून सोडवला, वासरू जिवंत. पुढच्या रकान्यात वरिष्ठांची सही. संख्येच्या रकान्यात अडलेल्या प्रसूतींत एकाची भर.

ही नोंद खरी आहे, आणि प्रशिक्षण म्हणून ती जवळजवळ निरुपयोगी आहे. कड न शोधता तिला नाव दिलं, पट्ट्याची बाजू आणि पिळाची बाजू यांची गल्लत झाली, आणि दुसऱ्या खेपेला तीच इंटर्न न विचारता स्पर्श बोलू लागली, यातलं काहीही त्या ओळीत नाही. इंटर्नशिपमध्ये आपण किती गाई, किती प्रसूती, किती टाके हे मोजतो. मोजायला ते सोपं आहे. पण अशाच दहा प्रसूती वरिष्ठाच्या 'बरं'वर पार पडल्या तर दहा सह्या मिळतात आणि कड शोधायची सवय लागत नाही.

आढाव्यात आम्ही आमच्याच परवानगीच्या यादीकडे परत गेलो. कोणत्या गोष्टी इंटर्ननं वरिष्ठांना विचारल्याशिवाय करायच्या नाहीत, याची ती यादी होती: मणक्यातली भूल, जोरानं ओढणं, गर्भाचे तुकडे करून काढणं, शस्त्रक्रिया, ऑक्सिटोसिन. सगळ्या करण्याच्या गोष्टी. थांबणं त्या यादीत कुठेच नव्हतं. इंटर्ननं नियम पाळला होता, अक्षरशः पाळला होता. 'काहीही करण्याआधी फोन कर' असं सांगितलं होतं, आणि तिच्या मते ती काहीच करणार नव्हती. फोन तिनं कळवायला केला होता, विचारायला नव्हे.

हे मला नव्या डॉक्टरांमध्ये फार वेळा दिसतं, आणि त्यात त्यांचा आळस नसतो. नव्या हाताला कृतीची भीती असते आणि थांबणं सुरक्षित वाटतं. मोठ्या जनावराच्या पोटदुखीत, अडलेल्या प्रसूतीत, उठू न शकणाऱ्या गाईत वेळ मात्र कोणाच्याही बाजूनं नसतो. पिळात तर प्रत्येक तासाला गर्भाशयाची सूज वाढते, भिंत ठिसूळ होते, वासराची शक्यता कमी होते. दोन तासांनी तीच इंटर्न परत आली असती आणि तिला पुन्हा दोनच बोटांची वाट लागली असती, कारण पीळ कॅल्शियमनं उघडत नाही.

हात कसा शिकवायचा

या क्षेत्रातल्या शिक्षकाची अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे. टाका चुकला तर दिसतो, सुई चुकली तर दिसते. गाईच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला हात काय धरून आहे, ते शेजारी उभ्या शिक्षकाला दिसत नाही. याच अडचणीवर सारा बेली या पशुवैद्यक संशोधिकेनं 'हॅप्टिक काऊ' नावाचं स्पर्शाचं सिम्युलेटर तयार केलं. त्यात विद्यार्थी आभासी गर्भाशय चाचपतो आणि त्याचा हात नेमका कुठे आहे ते शिक्षकाला संगणकाच्या पडद्यावर दिसतं. अशी सोय सगळ्यांकडे नसते, आमच्याकडेही नाही. म्हणून आम्ही पडद्याच्या जागी शब्द ठेवले.

सराव साधा आहे. कत्तलखान्यातून मिळालेलं गर्भाशय खोक्यात बसवायचं, त्याला एका बाजूला पीळ द्यायचा किंवा द्यायचाच नाही, आणि वर कापड टाकायचं. एक इंटर्न हात घालून बोलतो, दुसरा पाठ करून बसतो आणि ऐकून चित्र काढतो. 'पीळ', 'मुख', 'बंध' हे शब्द वापरायला मनाई. फक्त कड, घडी, पट्टा, सैल, ताणलेलं, कुठून कुठे. मग कापड काढून चित्र ताडून बघायचं. पहिल्या खेपांना चित्रं हमखास चुकतात, आणि प्रत्येक चुकीवर भांडण होतं: तू सांगितलं नाहीस, तू ऐकलं नाहीस. ते भांडण मी थांबवत नाही. फोनच्या दोन टोकांना हेच भांडण खऱ्या गाईवर होऊ नये म्हणून ते इथे व्हायला हवं.

वरिष्ठांच्या बाजूचं शिक्षण याहून अवघड गेलं. फोनवर निष्कर्ष ऐकून निष्कर्षाला उत्तर देण्याची सवय आम्हा सगळ्यांना आहे. दमलेले असतो, दुसऱ्या जनावराजवळ असतो, आणि इंटर्नचं वाक्य समंजस असतं. आता फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: हाताला काय लागलं? निदान त्यानंतर. काही वरिष्ठांना हे लहान मुलांसारखं वाटलं. एकानं विचारलं, हुशार इंटर्नला दर वेळी असं उलटतपासणीला उभं करायचं का? माझं उत्तर हो असं आहे, आणि या प्रकरणातली इंटर्न हुशारच होती.

तिला एकटीला पाठवायलाच नको होतं, असंही काहींनी मांडलं. ओले टेन काटे या डच वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञांनी २००५ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते: शिकाऊ डॉक्टरला 'सक्षम' किंवा 'असक्षम' असं सरसकट न ठरवता, एकेक काम कोणत्या देखरेखीखाली त्याच्यावर सोपवता येईल ते ठरवायचं. नुसतं बघायचं, शेजारी वरिष्ठ असताना करायचं, हाकेच्या अंतरावर असताना करायचं, लांबून विचारून करायचं, दुसऱ्याला शिकवायचं, अशा पायऱ्या. त्या मापानं बघितलं तर ही इंटर्न अडलेल्या गाईची तपासणी लांबूनच्या देखरेखीवर करण्याच्या पायरीवर होती. तिला पाठवणं योग्य होतं. पण 'अजून हस्तक्षेप नको' हे ठरवण्याच्या बाबतीत ती त्या पायरीवर नव्हती, आणि ते वेगळं काम आहे हे आमच्यातल्या कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. आता ते स्वतंत्र ओळ म्हणून यादीत आहे. या इंटर्नची त्या ओळीवरची सही पुढे बऱ्याच दिवसांनी, एका कालवडीच्या पहिल्या वितानंतर झाली. तिथे तिनं थांबण्याचंच ठरवलं होतं, आणि फोनवर पहिलं वाक्य कडेविषयी बोलली होती.

एक गाठ अजून सुटलेली नाही. फोन लागलाच नाही तर? डोंगराआड, पावसात, किंवा वरिष्ठ स्वतः शस्त्रक्रियेत असताना असं होतं. सध्याचा आमचा नियम असा: संपर्क नसेल तर इंटर्ननं अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबायचं नाही. अर्ध्या तासानं योनीमार्गातून आणि गुदमार्गे, दोन्ही तपासण्या नव्यानं करायच्या, आणि लागलेलं वेळेसह कागदावर उतरवायचं. दोन वेळा काहीच बदललं नाही तर तिसऱ्यांदा थांबायचं नाही, जवळच्या दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरला बोलवायचं. अर्धा तास हा आकडा आम्ही आपसात बोलून धरला आहे. घोड्यासाठी तो जास्त आहे असं त्या रात्रीच्या वरिष्ठांचं ठाम म्हणणं आहे, आणि घोड्याची वेगळी ओळ त्या सध्या लिहीत आहेत.